जंगलातली वेधशाळा आणि शोधकाची कसोटी



या पाठात आपण एका केंद्राचा अभ्यास करणार आहोत. ते आपल्या देशातले नाही आणि कोणत्याही संप्रदायाचेही नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तेथे डोंगर, तळी आणि सूचिपर्णी झाडांचे दाट जंगल यांच्यामध्ये एका माणसाने स्वतःची संशोधन-संस्था उभी केली. विश्व भरून राहिलेली जीवनऊर्जा आपल्याला सापडली आहे, ती मोजता येते, साठवता येते आणि रोग्याला देता येते, असे तो म्हणत होता. पुढे त्याच्या पेट्या कुऱ्हाडीने फोडण्यात आल्या, पुस्तके भट्टीत जाळण्यात आली आणि तो तुरुंगात मरण पावला.

ही कथा आपण का वाचायची? 'ऊर्जा' हा शब्द आपण सगळे रोज वापरतो, आणि त्याच शब्दाच्या आधाराने आज आपल्या घरांत अनेक वस्तू विकल्या जातात. एखाद्या दाव्याची परीक्षा कशी करावी, आणि कशी करू नये, या दोन्ही गोष्टी या एकाच प्रसंगातून शिकता येतात.

१. ऑर्गोनॉन

या केंद्राचे नाव ऑर्गोनॉन. डॉ. विल्हेल्म राइख यांनी १९४२ मध्ये रेंजली या गावाजवळ सुमारे २८० एकरांची एक जुनी शेतजमीन विकत घेतली. उंच टेकडी, खाली डॉज पॉन्ड नावाचे तळे आणि क्षितिजावर डोंगरांच्या रांगा असा हा परिसर आहे. हिवाळा लांब आणि बर्फाचा. १९४५ मध्ये तेथे विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा झाली. १९४८-४९ मध्ये टेकडीवर स्थानिक दगडांची वेधशाळा बांधण्यात आली आणि १९५० पासून राइख कायमचे तेथे राहू लागले. सरकार, विद्यापीठ किंवा मोठा उद्योग यांपैकी कोणीही या केंद्राच्या मागे नव्हते. अनुयायी डॉक्टर, विद्यार्थी आणि वर्गणीदार यांच्या बळावर ते चालत होते.

राइख यांचा जन्म १८९७ चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या गॅलिसिया प्रांतातला. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून लढल्यावर त्यांनी व्हिएन्नात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. सिग्मंड फ्रॉइड यांच्या तरुण सहकाऱ्यांत त्यांची गणना होत होती. गरिबांसाठी चालणाऱ्या मनोविश्लेषणाच्या मोफत दवाखान्यात त्यांनी अनेक वर्षे काम केले. दाबलेली भावना शरीराच्या स्नायूंत ताठरपणा होऊन बसते, हा त्यांचा विचार. छाती, जबडा, खांदे, श्वास यांकडे पाहून मनाचा अंदाज घ्यावा, हे त्यांनी मानसोपचारात आणले. त्यांचे विद्यार्थी अलेक्झांडर लोवेन यांनी हा धागा पुढे नेला. शरीराच्या वाटेने मनापर्यंत जाणाऱ्या आजच्या कित्येक उपचारपद्धतींवर राइख यांचे ऋण आहे.

म्हणजे ज्यांच्याविषयी आपण वाचत आहोत ते कोणी बाजारातले भोंदू नव्हते. ते बुद्धिमान, अभ्यासू आणि स्वतःच्या श्रद्धेसाठी किंमत मोजणारे होते. हे आधी मान्य केले नाही तर पुढचा पाठ आपल्याला लागू पडणार नाही. "मी कुठे भोंदू आहे? मला काय त्याचे?" असे म्हणून आपण मोकळे होऊ.

२. पेटी

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर राइख यांना जर्मनी सोडावी लागली. १९३४ मध्ये मनोविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतूनही ते बाहेर पडले. नॉर्वेत त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रयोग सुरू केले. निर्जीव पदार्थ फुगून-फुटून जीवासारखे हलणारे कण तयार होतात असे त्यांना वाटले. तेथील शास्त्रज्ञांनी यावर कडाडून टीका केली, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. १९३९ च्या ऑगस्टमध्ये, दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या तोंडावर, ते न्यूयॉर्कला पोहोचले.

१९४० च्या उन्हाळ्यात मेनमधल्या एका सरोवराकाठी रात्री आकाश पाहताना त्यांना निळसर लुकलुक दिसली. प्रयोगशाळेत जी ऊर्जा आपण पाहिली तीच सगळ्या वातावरणात आहे, असा त्यांचा निष्कर्ष झाला. या ऊर्जेला त्यांनी 'ऑर्गोन' असे नाव दिले.

मग ती साठवण्यासाठी पेटी तयार झाली. तिची रचना अगदी साधी होती. आतून लोखंडी पत्रा, बाहेरून लाकूड किंवा तत्सम सेंद्रिय पदार्थ, आणि दोहोंच्या मध्ये धातूचा कीस आणि सेंद्रिय पदार्थ यांचे आळीपाळीने थर. सेंद्रिय पदार्थ ऊर्जा ओढून घेतो आणि धातू ती आत परावर्तित करतो, अशी त्यांची कल्पना. मोठ्या पेटीत माणूस खुर्चीवर बसू शकत होता. रोज थोडा वेळ बसायचे. बसणाऱ्यांना ऊब जाणवायची, अंगात मुंग्या आल्यासारखे वाटायचे, हलके वाटायचे.

येथे एक क्षण थांबूया. बंद पेटीत, धातूच्या भिंतींमध्ये, शांत बसलेल्या माणसाला ऊब वाटली. ती खरीच वाटली, त्याने खोटे सांगितले नाही. पण ती ऊब विश्वातल्या ऊर्जेची होती, की त्याच्याच अंगातून निघून पेटीत अडकलेल्या उष्णतेची? अनुभव खरा असतानाही त्याचे कारण म्हणून आपण जे सांगतो ते चुकीचे असू शकते. हा मुद्दा आपल्याला पुढेही लागणार आहे.

३. आइन्स्टाइन यांचे तळघर

राइख यांना या प्रश्नाची जाणीव होती. म्हणून त्यांनी धाडसाचे आणि योग्य पाऊल उचलले. १९४० च्या डिसेंबरअखेर त्यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांना पत्र लिहिले. १३ जानेवारी १९४१ रोजी प्रिन्स्टनला दोघांची सुमारे पाच तास भेट झाली. बंद पेटीच्या वरचे तापमान आजूबाजूच्या हवेपेक्षा किंचित जास्त असते, असे राइख यांचे म्हणणे होते. बाहेरून उष्णता न देता असे होत असेल तर ती फार मोठी गोष्ट आहे, हे आइन्स्टाइन यांनी मान्य केले. थोड्याच दिवसांत राइख एक छोटी पेटी घेऊन पुन्हा गेले.

आइन्स्टाइन यांनी ती पेटी घराच्या तळघरात ठेवून मोजमाप घेतले. फरक खरोखरच दिसला. पण त्यांच्या सहकाऱ्याने एक साधी शंका काढली. तळघरात छताजवळची हवा गरम आणि जमिनीजवळची गार असते. पेटी टेबलावर आहे. मग हा फरक टेबलाच्या वरच्या आणि खालच्या हवेचा तर नसेल? आइन्स्टाइन यांनी पुन्हा मोजले आणि हे कारण पुरेसे आहे असा निष्कर्ष काढला. ७ फेब्रुवारीच्या पत्रात त्यांनी तसे स्पष्ट कळवले.

राइख यांनी २५ पानांचे उत्तर पाठवले. उघड्या जागी, जमिनीत पुरून, निरनिराळ्या प्रकारे आपण प्रयोग केले आणि फरक टिकून राहिला, असे त्यात होते. आइन्स्टाइन यांनी पुढे प्रयोग केले नाहीत. राइख यांच्या मनाने मात्र हे असे घेतले, की कोणीतरी मध्ये आले, कान भरले, म्हणून आइन्स्टाइन मागे हटले.

हाच प्रसंग नीट पाहा. शंका घेणाऱ्याने अपमान केला नव्हता. त्याने पेटीची थट्टाही केली नव्हती. त्याने एक दुसरे कारण सुचवले होते आणि ते तपासण्याची रीतही दाखवली होती. शोधकासाठी याहून मोठी भेट नसते. अशा वेळी तिसऱ्या, चौथ्या, कोणत्याही बाजूच्या नसलेल्या प्रयोगशाळेकडे जाऊन "हे तुम्ही करून पाहा, मी दूर राहतो" असे म्हणायचे असते. राइख मात्र हळूहळू न्यूयॉर्कहून रेंजलीच्या जंगलाकडे सरकत गेले. तेथे मोजणारे त्यांचे, नोंदवणारे त्यांचे आणि अर्थ लावणारेही तेच.

४. ज्या वहीत तोट्याचा रकाना नाही

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, म्हणून मला हे आमच्या भाषेत सांगावेसे वाटते. कीर्द-खतावणी लिहिणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याच वह्यांचे ऑडिट त्याने स्वतः करायचे नसते. हा त्याच्यावरचा अविश्वास नाही. स्वतः लिहिलेली चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही, एवढेच त्यामागचे कारण. आणि ज्या वहीत फक्त नफ्याचा रकाना आहे, तोटा लिहायला जागाच नाही, तिला हिशोब म्हणत नाहीत.

१९५१ च्या जानेवारीत ऑर्गोनॉनमध्ये एक प्रयोग झाला. त्याचे नाव 'ओरानूर'. अणुबाँबच्या भीतीचा तो काळ. ऑर्गोन ऊर्जेमुळे किरणोत्साराचा घातक परिणाम कमी होईल अशी राइख यांची अपेक्षा होती. म्हणून रेडियमचा अगदी छोटा नमुना त्यांनी अनेक थरांच्या पेटीत ठेवला. झाले उलटेच. काम करणाऱ्यांना मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता जाणवू लागली. प्रयोगासाठी ठेवलेले उंदीर मेले. प्रयोगशाळेतले काम थांबवून माणसांना बाहेर काढावे लागले.

आता पाहा. "असे होईल" असे आधी सांगितले, आणि झाले त्याच्या उलट. मूळ कल्पनेवर फेरविचार करण्याची ती वेळ होती. राइख यांनी मात्र एक नवे नाव काढले. किरणोत्सारामुळे चांगली ऑर्गोन चिडून 'घातक ऑर्गोन' बनते, असे त्यांनी सांगितले. अपेक्षेप्रमाणे झाले तरी सिद्धांत खरा, अपेक्षेविरुद्ध झाले तरी सिद्धांत खराच! तोट्याचा रकाना येथे पुसला गेला.

यानंतर त्यांनी लांब पोकळ नळ्या पाण्याला जोडून आकाशाकडे रोखणारे एक यंत्र केले. त्याने ढग जमवता किंवा विरवता येतात असे ते सांगत. १९५३ च्या उन्हाळ्यात मेनमधल्या ब्लूबेरीच्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी ते चालवले आणि त्यानंतर पाऊस पडला. शेतकरी खूश झाले. पण मेनमध्ये जुलैत पाऊस पडतच असतो. यंत्र न चालवता किती वेळा पडला आणि चालवूनही किती वेळा पडला नाही, या दोन्ही नोंदी समोर नसतील तर एका पावसावरून काय ठरणार? आपल्याकडेही जूनमध्ये पावसासाठी गाऱ्हाणे घातले आणि आठ दिवसांत सरी आल्या, तर त्याचा आनंद मानावा; त्यावरून नियम काढू नये.

५. कुऱ्हाड आणि भट्टी

दोष एकाच बाजूचा होता असे समजू नका. १९४७ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात राइख यांच्यावर बोचरा लेख आला. त्यानंतर अन्न व औषध प्रशासनाने चौकशी सुरू केली. पेट्या भाड्याने दिल्या जात होत्या, कर्करोगाच्या रुग्णांसाठीही वापरल्या जात होत्या. कर्करोग हमखास बरा होईल असे वचन राइख यांनी दिले नव्हते, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तरीही आजारी माणसाला पेटीत बसवून ठेवणे धोक्याचे आहे, हा प्रशासनाचा आक्षेप रास्त होता.

फेब्रुवारी १९५४ मध्ये मेनच्या न्यायालयात सरकारने मनाई-हुकूम मागितला. राइख न्यायालयात गेले नाहीत. विज्ञानातल्या प्रश्नाचा निवाडा करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे त्यांनी न्यायाधीशांना लेखी कळवले. त्यामुळे पुराव्यांची उलटतपासणी न होताच १९ मार्च १९५४ रोजी हुकूम निघाला. पेट्या नष्ट करा, आणि ज्या पुस्तकांत ऑर्गोनचा उल्लेख आहे त्यांचे वितरण बंद करा. पुढे राइख ॲरिझोनाच्या वाळवंटात असताना त्यांच्या एका सहकाऱ्याने पेट्या आणि पुस्तके रेंजलीहून न्यूयॉर्कला हलवली. यावरून १९५६ मध्ये न्यायालयाच्या अवमानाचा खटला उभा राहिला. त्या खटल्यात पेटीचा गुण आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. हुकूम मोडला की नाही, एवढेच पाहायचे होते. राइख यांना २ वर्षांचा तुरुंगवास आणि संस्थेला १०,००० डॉलर दंड झाला.

५ जून १९५६ रोजी ऑर्गोनॉनच्या आवारात पेट्या कुऱ्हाडीने फोडण्यात आल्या. २३ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या कचरा-भट्टीत सुमारे ६ टन पुस्तके आणि मासिके जाळली. ज्यांचा पेटीशी मुळात संबंध नव्हता, ती त्यांची जुनी मानसशास्त्राची पुस्तकेही त्यांत गेली. ज्या लेखकाच्या पुस्तकांवर नाझी राजवटीने बंदी घातली होती, त्याचीच पुस्तके लोकशाही देशात जाळली गेली. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या लुइसबर्गच्या तुरुंगात हृदय बंद पडून राइख यांचे निधन झाले. त्यांची समाधी ऑर्गोनॉनमध्येच आहे.

पुस्तक जाळल्याने त्यातले म्हणणे खोटे ठरत नाही. जाळण्याचा एक वाईट परिणाम असाही होतो, की पुढच्या पिढीतले लोक म्हणू लागतात, "एवढे घाबरून जाळले, म्हणजे नक्कीच काहीतरी खरे असणार!" छळ झाला हा सत्याचा पुरावा नाही, जसा तो असत्याचाही पुरावा नाही. आपल्याकडच्या संतांचाही छळ झाला. पण संतांना आपण मानतो ते छळ झाला म्हणून नव्हे. त्यांनी सांगितलेले जगून पाहिल्यावर आजही खरे उतरते म्हणून.

६. 'ऊर्जा' म्हणजे नक्की काय?

या संकेतस्थळासाठी मी हिंदी लेखांचा मराठीत अनुवाद करते. त्या कामात सर्वांत जास्त वेळा भेटणारा शब्द 'ऊर्जा' असेल. तो हिंदीत तसाच आहे, मराठीतही तसाच चालतो, म्हणून अनुवादकाला सोपा वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी थांबून विचारावे लागते, की येथे लेखकाला यातले काय म्हणायचे आहे?

पहिला अर्थ भौतिकशास्त्राचा. विजेच्या बिलावर जे युनिट येतात ते या ऊर्जेचे. ती मोजता येते, आणि पुण्यात मोजली काय किंवा पाटण्यात मोजली काय, आकडा तोच येतो. मोजणाऱ्याची श्रद्धा असो वा नसो.

दुसरा अर्थ अनुभवाचा. "आज ध्यानानंतर खूप ऊर्जा वाटली." येथे आपण उत्साह, प्रसन्नता, हलकेपणा सांगत असतो. याला मीटर नाही आणि त्याची गरजही नाही. आईच्या मायेला तरी कुठे मीटर आहे?

तिसरा अर्थ शास्त्रांचा. प्राण, चैतन्य, शक्ती. हे शब्द साधनेच्या एका पूर्ण दर्शनातून आलेले आहेत. त्यांचा अर्थ त्या दर्शनात राहूनच समजतो.

घोटाळा कधी होतो? दुसऱ्या किंवा तिसऱ्या अर्थाने बोलताना मध्येच पहिल्या अर्थाची प्रतिष्ठा उसनी घेतली जाते तेव्हा. "मला शांत वाटले" हे अनुभवाचे वाक्य आहे. त्याला कोणी आव्हान देऊ शकत नाही. "या पेटीतून ऊर्जा निघते आणि गाठ विरघळते" हे जगाविषयीचे वाक्य आहे. ते उच्चारले की आपण पहिल्या अर्थाच्या अंगणात उतरलो. मग तेथले नियम पाळलेच पाहिजेत. तेथे भावना, निष्ठा, त्याग यांचे गुण मिळत नाहीत. राइख यांची शोकांतिका या एका पावलात आहे. शरीरात दाबलेल्या भावनेविषयी बोलत होते तोवर ते अनुभवाच्या जवळ होते. ती ऊर्जा लोखंडी पत्र्याने साठते असे म्हटल्यावर परीक्षा अटळ होती, आणि परीक्षेचा निकाल त्यांना मान्य करता आला नाही.

काही जण म्हणतात, ऑर्गोन म्हणजे आपला प्राणच. ऐकायला गोड वाटते. पण असे म्हणून आपण प्राणविद्येला लोखंडी पत्र्याच्या प्रयोगाला बांधून टाकतो. तो प्रयोग पडला तर उद्या लोक प्राणविद्येलाही पडलेली समजतील. आपल्या परंपरेला अशा उसन्या आधाराची गरज नाही.

७. डोंगरातले दुसरे केंद्र

मग मुख्य प्रवाहाबाहेर, डोंगरात जाऊन संशोधन करूच नये का? तसे मुळीच नाही. आपल्या सह्याद्रीतले लोणावळ्याचे कैवल्यधाम पाहा. स्वामी कुवलयानंद यांनी ते १९२४ मध्ये स्थापन केले. योगाच्या क्रियांचा वैज्ञानिक अभ्यास करावा ही कल्पना तेव्हा अनेकांना विचित्र वाटत होती. शास्त्रज्ञांना योग हा विषय हलका वाटे, तर कित्येक योग्यांना उपकरण लावणे हे पाप वाटे.

त्यांनी काय केले? उड्डियान आणि नौली या क्रिया करताना शरीरात काय होते, ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने पाहिले. नौलीच्या वेळी आतड्यात दाब कमी होतो, हे आकड्यांत दाखवले. त्या निर्वात स्थितीला आपल्या गुरूंच्या, परमहंस माधवदासजी महाराजांच्या, नावावरून नाव दिले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू करून मोजण्याची रीत आणि निष्कर्ष छापले. दाबमापक कोणत्याही रुग्णालयात मिळतो, क्ष-किरण यंत्र कोठेही असते. पटत नसेल त्याने करून पाहावे.

येथे गुरुभक्ती पूर्ण आहे आणि तपासणीही पूर्ण आहे. दोन्ही केंद्रे डोंगरातच. एका केंद्राचे निष्कर्ष पाहुण्याला स्वतः तपासता येत होते. दुसऱ्याचे तपासायचे तर आधी त्यांचीच दृष्टी स्वीकारावी लागत होती. म्हणून कोणतेही केंद्र पाहताना ते कुठे आहे, किती साधे आहे, तेथे किती शांत वाटते याने भारावून जाऊ नका. "येथे 'नाही' म्हणायला कोण आहे?" एवढे विचारा.

आपल्या शास्त्रग्रंथांची रीतही हीच आहे. ग्रंथकार आधी पूर्वपक्ष मांडतो, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, तेही त्याला मान्य होईल अशा शब्दांत. मग उत्तर देतो. पूर्वपक्ष कच्चा मांडला तर तो ग्रंथाचा दोष समजला जातो. वादात विरोधकाला आसन देणारी ही परंपरा आहे. एकांत साधनेसाठी असतो; दाव्यासाठी सभा लागते.

८. आज आपल्या दारात

राइख गेले त्याला अनेक दशके झाली. ऑर्गोनॉन आता संग्रहालय आहे. जंगलाची वाट, वेधशाळा आणि उपकरणे पाहायला लोक जातात. त्यांच्या इच्छेप्रमाणे ५० वर्षे बंद ठेवलेली कागदपत्रे २००७ मध्ये अभ्यासकांना खुली झाली. पण त्यांच्या शब्दाचे पुढे वेगळेच झाले. रेझिनमध्ये धातूचा चुरा आणि स्फटिक घालून केलेले पिरॅमिड 'ऑर्गोनाइट' या नावाने आज ऑनलाइन विकले जातात. मोबाइलच्या लहरी शोषून घेतो, वास्तुदोष घालवतो, झोप लावतो, असे त्यासोबत लिहिलेले असते. राइख यांनी असला पिरॅमिड कधी केला नव्हता. ते स्वतः निदान मोजायला तरी बसले होते. आजचा विक्रेता तेवढेही करत नाही.

दिसायला सुंदर वस्तू म्हणून कोणी तो टेबलावर ठेवला तर त्यात काही बिघडत नाही. खरी भीती वेगळी आहे. घरातले कोणी मधुमेहाच्या गोळ्या थांबवते, कारण 'ऊर्जेचे पाणी' सुरू केले आहे. कोणी गाठीची तपासणी लांबवते, कारण पिरॅमिडखाली बसल्यावर बरे वाटते. बरे वाटते हे खरेच असते. पण गाठ वाटण्यावर थांबत नाही. अशा वेळी गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत.

योगायोग असा की ज्या १९५४ साली राइख यांच्यावर मनाई-हुकूम निघाला, त्याच साली आपल्या देशात औषधी व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिरात) कायदा आला. कर्करोग, मधुमेह अशा आजारांवर चमत्कारी इलाजाची जाहिरात करण्याला त्यात मनाई आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. कायदा आहे तो चांगलाच, पण घरातल्या वडीलधाऱ्याने गोळी थांबवली तर तेथे कायदा पोहोचत नाही. तेथे आपणच पोहोचले पाहिजे. "बाबा, ध्यान करूया, प्रार्थनाही करूया, पण गोळी घ्या आणि तपासणीला मी सोबत येते" असे प्रेमाने म्हणायला धैर्य लागते. ती देखील सेवाच आहे.

कोणी असा दावा घेऊन आले तर हे प्रश्न नम्रपणे विचारा:

- हे वाक्य अनुभवाचे आहे की जगाविषयीचे?
- हे खोटे असेल तर ते कशावरून कळेल? (उत्तर "कळूच शकत नाही" असे आले तर सावध व्हा.)
- हे तपासणारा विकणाऱ्यापेक्षा वेगळा आहे का?
- गुण न आलेल्यांची नोंद कुठे आहे?
- यासाठी चालू औषध थांबवायला सांगितले जात आहे का? (तसे असेल तर तेथेच थांबा.)

स्वाध्याय

साप्ताहिक बैठकीत या प्रश्नांवर चर्चा करावी.

१. आइन्स्टाइन यांच्या पत्रानंतर राइख यांनी कोणते पाऊल उचलायला हवे होते? माझ्या एखाद्या आवडत्या समजुतीवर कोणी साधी शंका काढली तेव्हा मी काय केले?

२. ओरानूर प्रयोगाप्रमाणे, उलट निकाल आल्यावर नवे नाव देऊन आपण जुनीच कल्पना टिकवतो, असे रोजच्या जीवनातले एखादे उदाहरण सांगा.

३. या आठवड्यात 'ऊर्जा' हा शब्द आपण किती वेळा आणि कोणत्या अर्थाने वापरला, ते रोज रात्री वहीत लिहा.

४. आपल्या केंद्रात "मला हे पटत नाही" असे कोणी म्हटले, तर त्याला बसायला जागा मिळते का?

चौथ्या प्रश्नाला घाई करू नका. केंद्राची तब्येत त्याच्या उत्तरावर कळते.